अस्वलाचा अर्धा

माणूस आणि जनावर एका झाडाखाली पोट भरू शकत नाहीत, हे सांगणाऱ्यांनी जन्मात मोह वेचलेला नसतो. त्यांच्या तोंडावर मी सोनीबाईची गोष्ट फेकतो.

गडचिरोलीच्या जंगलात तिचं एक मोहाचं झाड. पावसाळ्यापर्यंत घर त्याच्या फुलांवर जगायचं, आणि एक अस्वलही. दर फाल्गुनात सोनीबाई झाडाखालचा पाला जाळायची, म्हणजे राखेवर फुलं दिसतात. पण नाल्याकडचा अर्धा पाला तसाच ठेवायची. अस्वलाला नाक पुरतं. ते रात्री आपल्या अर्ध्यात खाऊन जायचं. उजाडता ही आपल्या अर्ध्यात वेचायची.

त्या साली तिच्या पोरानं, लच्छूनं, जास्त फुलांच्या हावेनं सगळाच पाला जाळला. धुमसत्या राखेत अस्वल रात्री शिरलं नाही. उजाडता राख निवली तेव्हा आलं, ते नेमकं वेचणाऱ्या सोनीबाईच्या अंगावर. टोपली टाकून पळाली म्हणून वाचली.

लच्छूनं गावच्या जुन्या जमीनदाराला, गुणवंतरावांना आणलं. त्यांची मालगुजारी गेली होती, बंदूक राहिली होती.

"माय, उद्या मारूनच टाकतेत त्याले."

"काऊन? पाला त्यानं जाळला का?"

"तुले फाडलं असतं तं?"

"तं तुले मारा लागलं असतं, त्याले नाई."

गुणवंतराव हसले. "बाई, अस्वलासंगं वाटणीपत्र केलं का?"

"केलं. तुमच्या भावकीपेक्षा बरं पाळते ते."

दिवसभर तिनं लच्छूकडून रानातला पाला वाहून घेतला आणि नाल्याकडच्या अर्ध्यात पसरला.

पहाटे गुणवंतराव बंदूक रोखून बसले. अस्वल अजून पाल्यात फुरफुरत खातच होतं. सोनीबाई टोपली घेऊन सरळ मधे गेली, अस्वलाकडे पाठ केली आणि वाकून वेचू लागली. छाती दाखवणारे शूर मी ढीगभर पाहिले. अस्वलाला पाठ देऊन फुलं वेचणारी ही एकच.

"बाई, बाजूले हो!"

"मी माह्या अर्ध्यात हाओ. तुमी कोनाच्या अर्ध्यात बसले, ते पाहा."

अस्वलानं मान वर केली, वास घेतला, पुन्हा तोंड पाल्यात घातलं. पोट भरल्यावर डुलत नाल्यात उतरलं. राखेवरच्या एकाही फुलाला त्यानं तोंड लावलं नव्हतं. गुणवंतरावांनी बंदूक खाली ठेवली.

लच्छू वेचायला आला. पाल्याच्या कडेला दोन फुलं उरली होती. त्याचा हात तिकडे गेला.

"राहू दे," माय म्हणाली, "ते त्याचे हाये."