पटलावर ठेवायचं उत्तर

हॅलो, हॅलो... फुंकर मारू नका, मी चालूच आहे. मी एक माईक. आजवर साऱ्या मुलखाचं बोलणं पुढे पोचवलं, आज स्वतःचं सांगतोय. जरा भराभर सांगेन, कारण हल्ली मला स्वस्थ बसवत नाही.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते ठाऊक नाही. मला आठवतं ते नांदेडचं दुकान. तिथून मला मुंजाजीने उचललं. वारंगा फाट्यावर त्याचं मंडप आणि साऊंडचं काम आहे. घरी आणल्यावर त्याची बायको रुक्माबाई म्हणाली, "बोलतंय का बघा आधी, न्हाई तर वापस करून या." मी बोललो आणि राहिलो.

मग काय, लग्नं झाली, जयंतीच्या मिरवणुका झाल्या, नरसीला भजनं झाली, कळमनुरीच्या बाजारात जाहिराती झाल्या. माणसं मोठी गमतीची. मला टिचक्या मारतात, "दोनच शब्द बोलतो" म्हणतात आणि लोक उठून जाईपर्यंत सोडत नाहीत. काही जण तर असे घाबरतात, की अंगठा माझ्या बटणावर सरकतो, आवाज जातो आणि बोलणी खातो मुंजाजी. म्हणून त्याने माझ्या बटणावर काळी चिकटपट्टी लावून टाकली. तेव्हापासून माझं चालू-बंद ना माझ्या हातात, ना मला धरणाऱ्याच्या. ते मागे मशीनशी बसलेल्या मुंजाजीच्या बोटात. व्यासपीठावरून कोणी हात वर केला, की तो आवाज पाडतो. सगळे साऊंडवाले असंच करतात. कोणाचा हात आणि कशासाठी, हे बघत बसायला वेळ कुणाला असतो!

मुंजाजीला दोन लेकरं. थोरला धम्मदीप फौजेत, सीमेवर. धाकटी दीक्षा कळमनुरीला कॉलेजात राज्यशास्त्र शिकते. मी त्यांच्याच घरात खुंटीला असतो, म्हणून घरातलं सगळं मला ऐकू येतं. ते ऐकणं कधीकधी नको होतं.

गेल्या उन्हाळ्यात सीमेवर पेटलं. धम्मदीपचा फोन लागेना. रुक्माबाई टीव्ही लावायची, आवाज बंद करायची आणि नुसती चित्रं बघत बसायची. त्याच दिवसांत फाट्यावर सभा झाली. मला हातात घेऊन एक पुढारी ओरडला, "टाका म्हणावं अणुबॉम्ब! एकदाचा विषय मिटवा!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मागे मुंजाजी बसला होता, त्याचा मुलगा तिकडे होता, आणि आवाज त्याने पुरता वाढवलेला होता. 

घरी जेवताना दीक्षाने विचारलं, "पप्पा, खरंच टाकायचा ठरला, तर कोण कोणाला इचारतंय?"

"आपल्याला कोण इचारून राहिलं? जेव गुमान."

काही दिवसांनी धम्मदीपचा फोन आला. तो बरा होता. घर शांत झालं, पण दीक्षाचा प्रश्न काही जेवला नाही, झोपला नाही.

थंडीत कॉलेजात अभिरूप संसद भरली. खुर्च्या, टेबल आणि मी, सगळं मुंजाजीचंच. टेबलावर हिरवं कापड टाकलं आणि ते झालं सभागृहाचं पटल. दीक्षा विरोधी पक्षाची खासदार, तिच्या वर्गातला वैजनाथ संरक्षणमंत्री. प्रश्न राज्यशास्त्राच्या संतराम सरांनी लिहून दिलेले, उत्तरंही त्यांनीच. मंत्र्याला इतकं सुख खऱ्या संसदेत मिळत नसावं. दीक्षाच्या वाट्याला जवानांच्या गरम कपड्यांचा प्रश्न आला होता.

टेम्पोतून जाताना ती म्हणाली, "पप्पा, मी दुसरंच इचारणार हाय. बॉम्बचं."

"काहून? तसलं इचारू नको. भाऊ फौजेत हाय तुझा. कोणी काही म्हणलं तर तकलीफ त्याला व्हईल."

"त्याच्यासाठीच तर इचारायचं हाय."

मुंजाजीने टेम्पोचा वेग वाढवला. त्याची भीती मात्र आमच्याबरोबर सभागृहात आली आणि मशीनशी त्याच्या शेजारी बसली.

दीक्षाची पाळी आली. तिने मला हातात घेतलं. तळहात ओला होता, आवाज कोरडा.

"अध्यक्ष महोदय, संरक्षणावर किती खर्च होतो हे सभागृहाला कळतं. संसदेची समिती तो तपासते. माझा प्रश्न खर्चाचा नाही. अण्वस्त्रांचा निर्णय घेणारी परिषद पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली आहे, असं पुस्तकात आहे. आपण ती आधी वापरणार नाही, असं धोरणही आहे. पण उद्या हे धोरण बदलायचं ठरलं, तर लोकांनी निवडून दिलेल्या या सभागृहाला आधी विचारणार, की..."

पहिल्या रांगेत बसलेल्या संतराम सरांनी हात वर केला. आणि माझा आवाज गेला.

काय सांगू तुम्हाला! तिचा शब्द न् शब्द माझ्यात येत होता, वायरीतून मागे जात होता आणि मुंजाजीच्या बोटाशी अडत होता. तिचे ओठ हलत होते आणि सभागृहाला काही ऐकू जात नव्हतं. तिने अंगठा माझ्या बटणावर दाबला. तिथे चिकटपट्टी. मग तिने मागे बापाकडे पाहिलं. मला त्या वेळी फुटून जावंसं वाटलं.

संतराम सर वळले. "मुंजाजी, माईकला काय झालं?"

"तुमीच हात केला ना, सर?"

"अहो, मी मागच्या पोरांना गप्प करत होतो. म्हटलं, तिचं ऐकू द्या!"

सगळे हसले. मुंजाजी हसला नाही. त्याने आवाज वाढवला. 

"अध्यक्ष महोदय," दीक्षा म्हणाली, आणि तिची पुस्तकी भाषा सुटली. "आत्ता काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. कोणी हुकूम दिला नव्हता. माझ्या पप्पांना वाटलं, आणि बंद झालं. सरांनी इचारलं म्हणून परत चालू झालं. बॉम्बच्या बाबतीत अशी चूक झाली, तर परत चालू करायला काय राहील? म्हणून इचारणारं कोणी तरी आधी पाहिजे. माझा भाऊ सीमेवर हाय."

वैजनाथ उठला. कागद उलटापालटा केला. त्यात ह्याचं उत्तर नव्हतं. बिचारा घाम पुसत म्हणाला, "माहिती गोळा करून उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल."

घंटा वाजली, राष्ट्रगीत झालं, संसद संपली. हिरवं कापड घडी होऊन पेटीत गेलं.

परतताना मुंजाजीने वाटेत टेम्पो कडेला घेतला. मग म्हणाला, "फाट्यावर तो पुढारी बॉम्ब टाका म्हणत होता, तवा माझं बोट हललं न्हाई. तुझ्या बारीला हललं. मला वाटलं, सर बंद कर म्हणून राहिले."

"'मला वाटलं' याचीच तर भीती हाय, पप्पा."

आता मी जुना झालोय. जाळी चेपली आहे, आवाजात खरखर आहे. मुंजाजीने बिनवायरचा नवा माईक आणला, मी लहानसहान कार्यक्रमांना जातो. पण एक बदल झालाय. व्यासपीठावरून हात वर झाला, की मुंजाजी जागेवरून उठून मोठ्याने विचारतो, "बंद करू का?" लोक हसतात. त्याला त्याचं काही वाटत नाही.

ते टेबल माझ्यासोबतच फिरतं. लग्नात त्याच्यावर वरणाची पातेली असतात, सत्कारात शाली आणि नारळ. उत्तर मात्र अजून कोणी ठेवलेलं नाही, आणि म्हणूनच मला चैन पडत नाही. माझ्यात गर्जना करणारे पुष्कळ येऊन गेले. तुमच्यापैकी कोणाला ते उत्तर माहीत असेल, किंवा ते मागायला जायचं असेल, तर खुशाल या. मी चालू आहे.

परवा धम्मदीपचा फोन आला होता. बहिणीला चिडवत होता, "काय मग खासदारबाई, आलं का तुमचं उत्तर?"

दीक्षा म्हणाली, "न्हाई अजून. टेबल पुसून ठेवलंय, दादा. तू आधी घरी ये."