तेल मागितलं होतं तिनं

येरमाळ्याजवळ हमरस्त्याला हिंमतरावांचं मंगल कार्यालय आहे. पुढं मोठी हिरवळ. तिथलं गवत कापायचं काम पाच वर्षं कडूबाईकडं होतं. नवऱ्यामागं दोन लेकरं तिनं याच कामावर वाढवली. खांद्याला हिंमतरावांचं पेट्रोलवरचं मशीन अडकवून ती गवत असं सपाट करायची की वऱ्हाडी चपला काढून चालायचे. शेजारचा धाबा, पलीकडची शाळा, सगळे तिलाच बोलवायचे.

यंदा कार्यालयातल्या एका लग्नाच्या ऐन आदल्या दिवशी मशीन अडकलं. दोरी ओढली तरी हलेना. मांडववाले, आचारी, मुलीकडचे पाहुणे, सगळ्यांदेखत हिंमतराव कडाडले, "बाईमाणसाच्या हातात मशीन दिलं की हेच व्हणार. उद्यापासून येऊ नको." उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! कडूबाई काहीतरी सांगू बघत होती, पण ऐकून कोण घेतो? आठवड्याभरात धाब्यानं आणि शाळेनंही तिला बोलावणं बंद केलं. 'मशीन जाळणारी बाई' हे नाव गावभर झालं होतं.

हिंमतराव मशीन घेऊन कळंबला शिवप्पा मिस्त्रींकडं गेले. शिवप्पांचं अर्धं आयुष्य इंजिनं खोलण्यात गेलेलं. त्यांनी बोल्ट सोडले, ब्लॉक उपसला आणि पिस्टन हिंमतरावांच्या तळहातावर ठेवला. पिस्टनवर उभ्या रेघोट्या, रिंगा खाचेत चिकटलेल्या.

"ह्याला तेलच मिळालं न्हाय," शिवप्पा म्हणाले. "पेट्रोल कोण देतं?"

"म्याच देतो की. मोटारसायकलीच्या टाकीतनं नळीनं काढून."

"आन् त्यात तेल?"

"गाडीला कुठं घालतो आपण पेट्रोलात तेल?"

शिवप्पांनी हात पुसले. "गाडीच्या इंजिनात तेल वेगळं असतं, हिंमतराव. ह्याला पेट्रोलातनं येईल तेवढंच. लिटरला चाळीस मिली मिसळावं लागतं. चालवणाऱ्या बाईनं कधी सांगितलं न्हाय व्हय?"

हिंमतरावांना आठवलं. सांगितलं होतं की! एकदा नाही, दोनदा. "मालक, मी पेट्रोलात घालते त्या तेलाची बाटली संपलीय," म्हणाली होती. आणि हे हसून म्हणाले होते, "तू मला मशीन शिकवू नको." आता मान खाली घालून त्यांनी ते शिवप्पांना सांगितलं.

"म्हंजे चोर सोडून संन्याशाला फाशी," शिवप्पा म्हणाले. "गड्याच्या हातात मशीन बिघडलं की मशीन खराब, बाईच्या हातात बिघडलं की बाई खराब. मला लई वर्षांचा अनुभव, तरी खोलल्याबिगर मी बोलत न्हाय. तुम्ही न खोलताच निकाल दिला."

नवा ब्लॉक-पिस्टन, रिंगा, पॅकिंग बसलं, कार्बोरेटर धुऊन झाला. तेल मिसळलेलं पेट्रोल भरल्यावर दुसऱ्या ओढीला मशीन चालू झालं. हिंमतरावांना त्याचा काही आनंद झाला नाही.

ते तडक कडूबाईच्या दारात गेले. "चूक माझी व्हती. कामावर ये."

ती खुरपं घेऊन निघाली होती. "माझी अब्रू चार माणसांत घालवलीत, मालक. आन् चूक कबूल करायला एकटेच आलात? चार माणसांत सांगा."

दुसऱ्या दिवशी धाब्यावर हिंमतरावांनी भरल्या माणसांत सगळं सांगितलं, काही न लपवता. एकजण मिशीत हसला. "राहू द्या मालक. गरीब बाईची दया आली म्हणून सोतावर घेताय व्हय." बाकीच्यांनी माना डोलावल्या. धाबेवाला म्हणाला, त्यानं दुसरा माणूस लावलाय.

कडूबाईच्या कानावर हे गेलंच. हिंमतराव पुन्हा बोलवायला आले तेव्हा "पटलं का कुणाला?" एवढंच तिनं विचारलं आणि दुसऱ्याच्या रानात खुरपायला निघून गेली.

मंडळी, हिंमतराव आपल्यातलेच आहेत. घरात मिक्सर जळाला, कचेरीत कागद हरवला की आपलंही बोट आधी कामवालीकडं, शिपायाकडं जातं. म्हणून सांगणं एवढंच, दोष द्यायच्या आधी खोलून बघा, आणि समोरचं माणूस काय सांगतंय ते ऐका. आळ घ्यायला हिंमतरावांना एक वाक्य पुरलं. तो पुसायला आता त्यांचा उरलेला जन्म पुरायचा नाही.