मोज्यातले हात

मी कॉलरचा माईक बोलतोय. शर्टाच्या आत चिकटवतात तो, मक्याच्या दाण्याएवढा. जन्म कारखान्यातला, पण आयुष्य गेलं ग्रेडी हॉलिसच्या घामात. ग्रेडी जंगलाच्या फिल्मांचा सूत्रधार. कॅमेरा चालू असला की झाडाशीही लाडात बोलतो, बंद झाला की डासांना आईवरून शिव्या घालतो. त्याचे हे दोन आवाज ऐकून मला वीट आलाय.

त्या उन्हाळ्यात आम्ही अमेरिकेत, जॉर्जियातल्या ओकेफेनोकीच्या दलदलीत होतो. फिल्म मगरींच्या घरट्यांवर होती आणि सगळा अभ्यास डॉक्टर व्हर्लीन मॅकीचा. काळी बाई, याच दलदलीच्या काठी वाढलेली, आता विद्यापीठात शिकवणारी. तिच्या आईने चर्चमध्ये सांगून ठेवलं होतं, लेक टीव्हीवर दिसणार, त्या दिवशी हॉलमध्ये मोठा पडदा लावायचा. हे सांगताना व्हर्लीन लाजली होती.

घरटं उकरायच्या वेळी दिग्दर्शिका मेरेडिथने तिला हातमोजे दिले. अंड्यांना जपायला हवं म्हणाली. व्हर्लीन अंडी नेहमी उघड्या हातांनीच काढायची, पण पाहुण्यांचा मान ठेवून तिने मोजे घातले. शॉट झाला.

मग साउंडवाल्याने तिच्या कानांवर हेडफोन चढवले. अंड्यातली पिल्लं आतून ओरडतात, ते टिपायला घरट्यातही एक माईक पुरला होता. ग्रेडी आणि मेरेडिथ बोटीकडे गेले आणि मला बंद करायचं सगळेच विसरले. माझाही आवाज त्याच हेडफोनात जात होता.

"तिचा चेहरा घेणारच नाहीस का?" ग्रेडीने विचारलं.

"चेहरा तुझा. जंगलात लोकांना तूच बघायचायस. ती दिसली की मग काळं-गोरं करत बसावं लागतं. मोज्यात हात कुणाचे, कुणाला कळतंय?"

"बरंच झालं. मला त्या घाणीत हात घालायचाच नव्हता."

आणि तो हसला. मी त्याच्या छातीलाच चिकटलेलो, पळणार कुठे? शिसारी आली नुसती.

ते परतले तेव्हा व्हर्लीन मोजे काढून उभी होती. तिने ते ग्रेडीपुढे धरले.

"घे, घाल. हात तुझेच म्हणायचेत ना? मग अंडी तूच काढ. त्यांची आई तिथेच आहे, फुसफुसतेय बघ."

ग्रेडी दोन पावलं मागे सरकला. मेरेडिथने माफी मागितली नाही. माईक चालू ठेवला म्हणून साउंडवाल्याला झापलं.

"हॉलमध्ये पडदा लावू नका, हे आईला आता मीच सांगायचं का?" व्हर्लीनने विचारलं. सगळे आपापल्या वायरी गुंडाळू लागले.

शॉट तर आधीच झाला होता. पुढे स्टुडिओत ग्रेडी माझ्यासमोर ओल्या आवाजात म्हणाला, "मी अंडं अलगद उचललं आणि आतून पिल्लाने मला हाक मारली." सगळ्यांनी वाहवा केली. मला ओकारी येत नाही, हेच माझं दुर्दैव.

ती फिल्म तुमच्याकडे लागली, तर ग्रेडीच्या तोंडाकडे बघू नका. त्या मोज्यांकडे बघा आणि शेजारी बसलेल्याला सांगा, हे हात व्हर्लीन मॅकीचे आहेत.