'न्हाय' लिहिलेल्या कॅसेटी

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला भंगार म्हणायचं नाही. माझी बटणं अजून टणक आहेत आणि आवाजही खणखणीत आहे. फक्त ऐकायला कुणी उरलेलं नाही.

छत्तीस वर्षांपूर्वी आप्पासोंनी मला कोल्हापुरात आणलं. ते मूळचे जयसिंगपूरचे, भांड्यांचे व्यापारी. दिवसभर पातेली विकणाऱ्या या माणसाला गाण्याचं भलतंच वेड! दुकानावरच्या खोलीत त्यांनी कॅसेट कंपनी काढली आणि तिला बायकोचं नाव दिलं, 'राजमती'. मोठ्या कंपन्या ज्यांच्या दारात कधी जाणार नाहीत, त्यांचीच गाणी आपण काढायची, असा त्यांचा हट्ट. मग काय, मला मांडीवर घेऊन एसटीनं गावोगाव! डफावरची, गाण्यातून कोडी घालणारी भेदिक गाणी, धनगरांच्या ओव्या, बायकांची पंचमीची गाणी, सगळं मी पोटात घेतलं. काय दिवस होते ते!

आप्पासोंचा एक नियम होता. कॅसेट बाजारात जाण्याआधी गाणाऱ्याच्या घरी जाऊन ती त्यालाच ऐकवायची आणि विचारायचं, "ह्यो तुमचाच आवाज न्हवं?" तो व्हय म्हणाला तरच कॅसेट निघणार. त्यापुढं ते कुणाचं ऐकायचे नाहीत.

इथंच तर घोडं पेंड खायचं. ज्यांनी आपला आवाज कधी यंत्रातून ऐकला नव्हता, ते बावरून जायचे. मलकापूरकडचे जोतीराम भेदिक गाणी म्हणायचे. काय गळा होता म्हणता! पण स्वतःचं गाणं ऐकलं आणि त्यांनी मान हलवली. "न्हाय ओ. ह्यो मी न्हाय. असला चिरका आवाज माझा न्हाय."

अहो, माणूस आपला आवाज आतून ऐकतो, मी तो बाहेरून ऐकवतो. पहिल्यांदा तो ज्याला त्याला परकाच वाटतो. हे मला कळत होतं, पण माझ्या तोंडून फक्त दुसऱ्यांचे शब्द निघतात. राजमतीवहिनी म्हणायच्या, "अवो, चांगला हाय की आवाज! काढा कॅसेट." आप्पासो ऐकतील तर शपथ! त्यांनी कॅसेटवर 'न्हाय' असं लिहिलं आणि ती कपाटात ठेवली. अशा बत्तीस कॅसेटी साठल्या. बाजारात गेल्या फक्त नऊ.

पुढं कॅसेटींचा जमाना गेला. सहा वर्षांपूर्वी राजमतीवहिनीही गेल्या. मुलगा केतन पुण्याला असतो. माझ्यावर एक टॉवेल पडला, तो पडलाच. खोलीत आप्पासो आणि मी, दोघंही मुके. फार एकटं वाटायचं हो. धूळ बसते त्याचं काही नाही, पण कुणी बटण दाबत नाही हे सोसत नाही.

गेल्या वर्षी जोतीरामांची मुलगी पूर्णिमा आली. जोतीराम वारून वीस वर्षं झाली होती. ती म्हणाली, "काका, आमच्या आईला एकदा आबांचा आवाज ऐकायचा हाय. तिला आता दिसत न्हाय. निदान कानावर तरी पडू दे."

आप्पासोंनी हात जोडले. "पोरी, तुझ्या बानंच न्हाय म्हटलंय. त्यांचा शब्द मी कसा मोडू?"

ती डोळे पुसत जिना उतरली. मला असा संताप आला! पाय असते तर मीच तिच्यामागून गेलो असतो.

या उन्हाळ्यात एका दुपारी आप्पासोंनी टॉवेल काढला. मी चालतोय का बघायला कोरी कॅसेट घातली, बटण दाबलं आणि एकटेच बोलत बसले. "राजमती, आज आमटी खारट झाली बघ." मग कॅसेट मागं घेऊन ऐकली. त्यांचा चेहराच उतरला. "ह्यो कोण म्हातारा? ह्यो मी न्हाय..."

 बोलता बोलता त्यांनी उठून कपाट उघडलं आणि 'न्हाय' लिहिलेल्या कॅसेटींवर हात ठेवला. "अरारारा! काय करून बसलो मी!"

दुसऱ्या दिवशी आम्ही मलकापूरची एसटी धरली. जोतीरामांच्या पत्नी धोंडुबाई अंथरुणावर बसल्या होत्या. पूर्णिमानं माझी वायर लावली. आधी डफ वाजला, मग जोतीराम गाऊ लागले. धोंडुबाईंचा हात वर गेला आणि त्यांनी डोक्यावर पदर ओढून घेतला, धनी घरात आल्यावर घेतात तसा.

आप्पासोंनी भीत भीत विचारलं, "आवाज त्यांचाच न्हवं?"

"मग दुसऱ्या कुणाचा?" म्हातारी माझ्याकडं तोंड करून म्हणाली. "पर पावणं, इतकी वरसं कुठं ठेवलं हुतं ह्यास्नी?"

आप्पासोंनी कॅसेट मागं घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून लावली.

मित्रांनो, कपाटात अजून एकतीस कॅसेटी आहेत. आप्पासो आता मला घेऊन एकेक गाव शोधत फिरतात. बहुतेक घरांत आवाज ओळखणारं कुणी भेटत नाही. आम्ही तसेच परत येतो. म्हणून सांगतो, तुमच्या घरात कुणी 'माझा आवाज बरा नाही' म्हणून मागं सरत असेल, तर त्याचं ऐकू नका. बटण दाबा, आणि त्याची माणसं आहेत तोवरच त्यांना तो आवाज ऐकवा. आवाज मी कितीही वर्षं सांभाळीन, पण तो कुणाचा आहे हे मला सांगता येत नाही.