काचेआडची चिक

"अवं, ऊन खिडकीवर आलं की! चिक सोडा!"

सत्यभामाबाईंचा हा आवाज आता या घरात नाही. मला मात्र रोज दुपारी तो ऐकू येतो.

मित्रांनो, मी बांबूच्या काड्यांची एक जुनी चिक, म्हणजे खिडकीचा पडदा. येडशीच्या एका बुरुडानं मला विणलं. सत्यभामाबाईंनी मला तामलवाडीला आणून पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून टांगलं. ऊन यायचं ते आधी माझ्या अंगावर. मी तापायचे, आणि वारा माझी धग अंगणातच उधळून द्यायचा. बाई माझ्यावर पाणी शिंपडायच्या. आत त्यांचे मालक, उत्तरेश्वरअण्णा, गार झोपायचे.

"सत्यभामे, तुझ्या घरात लई गारवा गं!" शेजारणी म्हणायच्या. बाई हसून मला थोपटायच्या.

मग बाई गेल्या. मुलानं, दिग्विजयनं, खिडकीला सरकती काच बसवली. "आईची चिक उन्हापावसात कुजायला नको," म्हणत त्यानं मला ओल्या फडक्यानं पुसलं आणि काचेच्या आतल्या बाजूला टांगलं. किती मायेनं! त्या मायेनंच घात केला. ऊन आता काचेतून आत येतं, मला तापवतं, आणि माझी धग बाहेर जाऊ शकत नाही. बंद काच वाट अडवते. मग मी ती खोलीतच सोडते.

समोर खाटेवर अण्णा असतात. कमरेपासून लुळे.

सून शिवांजली विचारते, "मामा, उकडतंय का?"

"न्हाय गं. ब्येस हाय."

पोराचं मन मोडू नये म्हणून ते उशी घामानं भिजवत पडून राहतात. मित्रांनो, एखाद्या वस्तूला जपायचं तर तिचं काम तिच्यापासून काढून घेऊ नका. पण हे मी या घरात कुणाला सांगू?

काल दुपारी अण्णांचे ओठ सुकले, डोळे फिरले. शिवांजलीची हाक ऐकून दिग्विजय शेतातून धावत आला.

"अण्णा, काय होतंय? पंखा वाढवू का?"

पंखा गरम वाराच फिरवत होता. अण्णांनी त्याचं मनगट धरलं.

"दिगू, ही चिक बाहेर टांग बाबा. आत लावल्यापासनं भाजतोय म्या. तू आईची म्हणून जपतोस, कसं बोलावं? पर तुझ्या आईनं ती उन्हात कुजायलाच आणली हुती रं... माझ्यासाठी."