बोलणारा कॅमेरा

मास्तरांची बायको दोन महिने लेकीच्या बाळंतपणाला निघाली होती. कॅमेरे दाखवायला आलेल्या विक्रेत्याने विचारलं, "काकू, चोर कुठून यायची भीती आहे?"

"हे काय, तुमच्यासमोरच बसलेत! साखर तीनशेवर गेली, तरी बिस्किटांचा डबा सुटत नाही. कॅमेरा त्या डब्यासमोर लावा."

"साधा कॅमेरा नुसता बघतो. हा महागातला बोलतोही. तुम्ही तिकडून ओरडलात, की काकांना इथे ऐकू येईल."

साधा घेतला असता तर मास्तरांना निदान शांतपणे खाता आलं असतं. त्यांनी बायकोच्या बांधून ठेवलेल्या बॅगेकडे पाहिलं.

"बोलणाराच द्या. आवाज मोठा ठेवा."

"आणि बिस्किटं?" बायकोने संशयाने विचारलं.

"डबा भरून जा. नाहीतर तू ओरडशील कशाला?"