कोरा पाइप

"आजून वीतभर खाली घ्या," भिमाजी खड्ड्याच्या काठावरून म्हणाले.

त्यांच्या हाताखालच्या पप्पूने कुदळ बाजूला टाकली. "आप्पा, पाइप दिसाया लागला की. ह्यो बघा. ठणठणीत कोरडा. माती बी कोरडी."

खड्डा गावच्या मुख्य रस्त्यात होता. काँक्रीट मागच्याच वर्षीचं. ते ब्रेकरने फोडण्यातच सकाळ गेली होती. आधी खणलेला खड्डा जरा अलीकडे होता, तो अजून नीट बुजलेलाही नव्हता. सरपंच जयसिंग मोटरसायकलवर बसूनच बघत होते.

"आप्पा, गळती शोधताय का पुरलेला हंडा?"

दोघं-तिघं हसले. भिमाजींनी गुडघे टेकले, हातातल्या सळईचं एक टोक पाइपावर ठेवलं आणि दुसऱ्या टोकाला कान लावला. त्यांनी डोळे मिटले.

"वाजतंय की. बारीक. पाणी हाय हितंच."

"पाणी तिथं न्हाई आप्पा, तुमच्या कानात हाय," जयसिंग म्हणाले.

या वेळी कुणी हसलं नाही.

गावात नळयोजना आली तेव्हापासून पाणी सोडायचं काम भिमाजींकडे होतं. सकाळी टाकीच्या शिडीवर चढून पातळी बघायची, मग एकेका आळीचा व्हॉल्व्ह उघडायचा. जमिनीखाली पाइप फुटला की सळई घेऊन निघायचं. त्यात त्यांची एक रीत होती. गळती ऐकण्याआधी ते शेजारच्या आळीचा व्हॉल्व्ह बंद करत आणि तिथला गप्प पाइप आधी ऐकून घेत. "कान कोरा करून घ्यावा लागतो," असं म्हणत. रांजणगावच्या कंपनीत प्रयोगशाळेत लागल्यावर त्यांची मुलगी मोनाली हे ऐकून हसली होती. तिथेही कुठलीही तपासणी करण्याआधी नुसतं पाणी यंत्रातून घालवत. त्याला ब्लँक म्हणत. ब्लँक चुकला की पुढचे सगळे आकडे चुकत.

त्या दुपारी खड्डा बुजवून आल्यावर भिमाजींनी सळई दारामागे ठेवली आणि जेवताना तिला सांगितलं, "मोने, कोरा पाइप बी वाजतोय गं आता."

"कधीपासून, आप्पा?"

"लई दिस झालं. मला वाटलं, वॉल नीट बसत न्हाई."

केडगावच्या मावशीने दौंडच्या कानाच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं होतं. मोनालीने सुट्टी टाकली. डॉक्टरांनी कानाला यंत्र लावून तपासणी केली. चांगली केली. कागदावरची रेषा उजवीकडे खाली उतरत गेली होती.

"बारीक आवाज ऐकण्याची शक्ती कमी झालीय. वयाने होतं. त्यामुळे कानात आवाज येतो."

"थांबंल कवा?" भिमाजींनी विचारलं.

"सवय करून घ्यायची, काका."

बोलता बोलता त्यांनी पाच औषधं लिहिली. मोनालीने कागद उलट्या बाजूने वाचला.

"सर, शेवटची क्लोनाझेपाम ना? झोपेची? आप्पा रोज टाकीवर चढतात."

"मग चढू नका म्हणावं."

"आणि किती दिवस घ्यायची?"

"बरं वाटतंय तोवर." पुढचा पेशंट तोवर आत येऊन उभा राहिला होता.

बरं वाटलं, हीच अडचण झाली. आठवड्याभरात भिमाजी झोपायला लागले. "आवाज हाय," ते बायकोला, शेवंताबाईंना म्हणाले, "पर शेजारच्या खोलीत गेल्यावानी. दार लोटून घेतल्यावानी." त्यांनी मिशा कातरून घेतल्या. पप्पूची चेष्टा केली. मोनालीने पाकिटातलं माहितीपत्रक पसरून वाचलं होतं: गुंगी, तोल जाणे, सवय लागणे. ते तिने घडी करून ठेवून दिलं. वडील इतक्या महिन्यांनी हसत होते. त्यांना काय सांगायचं?

उन्हाळ्याच्या तोंडाशी टाकीच्या शिडीवर त्यांचा पाय चुकला. एका हाताने ते लोंबकळले, मग पाय सापडला. घरी येऊन त्यांनी सदऱ्याची बाही खाली ओढून घेतली. दंडावरचं खरचटलेलं शेवंताबाईंनी पाहिलं.

"अवो, गोळी तरी सोडा न्हाईतर शिडी तरी."

"शिडी सोडून खायाचं काय?"

त्यातच ताप आला म्हणून ते गावातल्या डॉक्टरांकडे गेले. कंपनीच्या बसमधून उतरून मोनाली थेट दवाखान्यात पोचली तोवर डॉक्टरांनी सिरिंज भरलीही होती.

"सर, सुई कोणती आहे?"

"तापाची."

"काही इंजेक्शनं कानाला चालत नाहीत. आप्पांना कानाचा त्रास आहे, म्हणून विचारलं."

"पोरी, तुझ्या जन्माआधीपासून देतोय." सुई टोचून झाली होती. मग त्यांनी भिमाजींच्या खिशातली गोळ्यांची पट्टी पाहिली. "ही कोण देतं? म्हातारपणी असली नशेची गोळी? आजपासून बंद." दौंडच्या चिठ्ठीवर त्यांनी आडवी रेघ मारली आणि कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या बांधून दिल्या. पांढऱ्या, एक पिवळी. कुठल्याच गोळीवर नाव नव्हतं.

"पुडीतली पिवळी कसली असते, सर?"

"गुण येतो की नाही, ते बघ."

गुण आला. ताप उतरला. पण झोपेची गोळी एकदम बंद झाल्यावर तिसऱ्या दिवशी आवाज परत आला तो शेजारच्या खोलीतून नाही. भिमाजींच्या हातातला चहा हिंदकळू लागला. दोन्ही तळहात कानांवर दाबून ते ओट्यावर बसत. आवाज आत असताना कान झाकून काय होणार? पण हात दुसरीकडे कुठे ठेवणार होते?

"पिठाच्या गिरणीत उभा केल्यावानी वाटतंय," ते म्हणाले. हा सुईचा परिणाम की गोळी सोडल्याचा, ते कुणालाच सांगता आलं नाही. मोनालीला तर मुळीच नाही.

दौंडला डॉक्टर वैतागले. "एकदम बंद करायला कुणी सांगितलं? आता दुप्पट घ्या. मग बघू." त्यांनीही कागदावरच्या जुन्या प्रमाणावर आडवी रेघ मारली.

"सर, हळूहळू कमी करत न्यायची असेल तर?"

"करा की. त्रास वाढला तर माझ्याकडे येऊ नका."

मोनालीने वाचलं होतं ते एवढंच सांगत होतं: गोळी हळू सोडावी, सोडताना आवाज काही काळ वाढेल. हळू म्हणजे किती, यावर कुणाचं एकमत नव्हतं. आवाज खाली येईलच, असं कुणीच लिहिलं नव्हतं. तिने दुप्पट दिली नाही. आधीइतकीच पुन्हा सुरू केली, मग ब्लेडने अर्धी, मग पाव. पाव गोळीचा नेहमी भुगा होई. तो ती चमच्यात घेऊन पुढे करी आणि भिमाजी लहान मुलासारखं तोंड उघडत. हे बरोबर आहे का, असं त्यांनी तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटे.

पंचायतीने शिडीचं काम पप्पूला दिलं. रस्त्यात खणायचं तर भिमाजींच्या शब्दावर खणायचं नाही, असंही ठरलं. जयसिंग स्वतः सांगायला आले, मोटरसायकलवरून उतरून ओट्यावर बसले. "आप्पा, व्हॉल्व्ह तुमच्याकडंच हायती. कुणी हात लावणार न्हाई." ते चांगल्या मनाने बोलले. भिमाजींनी चहा सांगितला.

मुख्य रस्त्यातली गळती मात्र सुरूच होती. वरच्या आळीला पाणी धड चढत नव्हतं.

रविवारी दुपारी भिमाजींनी दारामागची सळई काढली. "मोने, चल. तू ऐक. कुठं ठिवायची ती मी सांगतो."

खालच्या आळीच्या तोंडाशी त्यांनी व्हॉल्व्ह आवळून बंद केला. आळी जेवून पडली होती. पाइप जिथे जमिनीतून वर येतो, तिथे त्यांनी सळई टेकवली आणि दुसरं टोक मोनालीच्या कानाशी धरलं. लोखंड उन्हाने तापलं होतं.

"आधी कोरा ऐक. काय येतंय?"

"काहीच नाही."

"नीट ऐक. बारीक शीळ? मुंग्या चालल्यावानी?"

"नाही आप्पा. काहीच नाही."

ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिने मान हलवली.

"मग रस्त्यावर जायचं ना?" ती म्हणाली. "फुटलेलं ऐकायला?"

"जाऊ," ते म्हणाले. पण सळई त्यांनी हलवली नाही. "जरा येळ तशीच ऱ्हा."

कोपऱ्यावरच्या घरातून बाई ओरडली, "ओ आप्पा, वॉल बंद केला व्हय? भांडी राह्यलीत की माझी!"

मोनालीने वर पाहिलं. भिमाजींना ते ऐकू आलं की नाही, कळलं नाही. एक हात व्हॉल्व्हवर आणि दुसऱ्या हाताने तिच्या कानाशी सळई धरून ते तसेच उकिडवे बसले होते. तिने डोळे मिटले आणि ती पुन्हा ऐकत राहिली.